सुमनताईंच्या वतीनं मी दिलेलं उत्तर

आमच्याकडे बोईसरला भाजी आणणाऱ्या सुमनताईंना कॅन्सर आहे. आधीची औषधं लागू पडली नाहीत, म्हणून आज त्यांना घेऊन मुंबईच्या रुग्णालयात गेले.

डॉक्टर म्हणाल्या, "नव्या औषधाच्या चाचणीत घेता येईल, पण दर आठवड्याला यावं लागेल."

"वाणगावच्या पाड्यावरून? नाही जमणार," मी बोलून गेले.

सुमनताई हसल्या. "वीटभट्टीला बिऱ्हाड घेऊन भिवंडीला जातो आमी. आन् औषधाला मुंबई लांब हाय? मला इचार तरी, बाय."

मग डॉक्टरांनी त्यांनाच विचारलं आणि त्या लगेच 'हो' म्हणाल्या. वर, मधल्या रक्ततपासण्या बोईसरला करायची सोयही करून दिली. औषधाचा गुण येईल का, कुणालाच ठाऊक नाही. पण त्यांची संधी माझ्या उत्तरापाशी थांबली नाही, याबद्दल दोघींचे मनापासून आभार.

तुम्हीही कधी कुणाच्या वतीनं असं परस्पर 'नाही' म्हणून टाकलंय का?