सर्व्हरच्या कुलपात अडकलेलं येसर

आमच्या आईचं येसर मी क्लाउड सर्व्हरवर ठेवलं होतं, आणि ते बाहेर काढता येईना.

येसर म्हणजे धान्य-डाळी भाजून दळलेला आमटीचा मसाला. आईचं प्रमाण कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून एकदा तिला समोर बसवून मी ते फोनवर रेकॉर्ड केलं. पुण्यात कॉम्प्युटरचं काम करणारी माझी भाची सई हिच्या मदतीनं भाड्याचा सर्व्हर घेतला, आवाज तिथे चढवला आणि फोनवरचा पुसून टाकला. (एकच वस्तू दोन ठिकाणी पडलेली मला खपत नाही!) या सर्व्हरला पासवर्ड नसतो. लॅपटॉपमधली किल्लीची फाइल दाखवली की तो दार उघडतो.

आई गेल्याला वर्ष झालं तेव्हा माझे वडील, अप्पा, म्हणाले, "तिच्या हातची येसराची आमटी खावी वाटून राह्यली." लगेच मी यादी केली, सामान आणलं, रविवारी सगळ्यांना परतूरला माहेरी जमवलं. वहिनीनं कढई तापवली. मी लॅपटॉप उघडला.

'परवानगी नाकारली.'

"मंग परवानगी मागा ना ताई!" वहिनी म्हणाली.

मी लॅपटॉप बंद करून चालू केला. नाकारली. नवी किल्ली तयार केली. ती तर सर्व्हरनं ओळखलीच नाही!

"त्यांच्या हापिसातून माणूस बोलावून घे," अप्पा म्हणाले. "चहापाणी करू त्याचं."

"अप्पा, तिथे माणूस नसतो."

"मंग नाकारून कोण राह्यलं?"

तेवढ्यात धने करपले. वहिनी खोकायला लागली, अप्पांनी खिडक्या उघडल्या, शेजारच्या काकू "काय जळालं?" म्हणत आत आल्या आणि बसल्याच. शेवटी मी सईला फोन लावला.

"मावशी, त्या किल्लीच्या फाइलला काही केलंस का?"

"काही नाही गं. काल फक्त सगळ्यांसाठी मोकळी केली. वाचा, बदला, काय हवं ते करा."

"सगळ्यांसाठी?"

"घरातलेच तर आहेत!"

आमच्या घराची किल्ली चाळीस वर्षं दाराशेजारच्या खिळ्याला आहे. आई शेतात गेली की दूधवाला ती घेऊन दूध आत ठेवी, काकू विरजण नेत, आणि जाताना कुलूप बराबर लागलेलं असे. मी त्याच संस्कारांची!

सई हसत म्हणाली, "सगळ्यांच्या हाती असलेली किल्ली चालतच नाही. ती फक्त तुझ्यापुरती कर."

"म्हंजी आपल्यावर भरोसा न्हाई त्याचा?" काकूंना राग आला.

सईनं सांगितलेली एक ओळ मी टाइप केली आणि दार उघडलं! अप्पांनी चष्मा काढला. आईचा आवाज आला, "तर आधी गहू घ्यायचे…"

"थांब आई!" हा माझा आवाज. "असं नाही. आधी साहित्य, मग प्रमाण, मग कृती. आणि मूठ-चिमूट नको, वाटीत सांग. वाटी कोणती? भरून की सपाट?…"

मी बोलतच होते. अकराव्या मिनिटाला आई म्हणाली, "तुझं होऊ दे बाई, मी चहा ठेवते." रेकॉर्डिंग संपलं.

"परत लाव," अप्पा डोळे पुसत म्हणाले. "तेवढं चहाचंच लाव."

येसर वहिनीनं अंदाजानं केलं आणि ते छान झालं. प्रमाण विचारायला मी तोंड उघडलं, तर सगळ्यांनी मिळून मला स्वयंपाकघराबाहेर काढलं!