पुढे गाडी नव्हती

गेल्या महिन्यात माझं पोलीस भरतीचं ग्राउंड झालं... आणि पार बोंबललं. "काय झालं गं?" विचारणारे फोन अजून येतात, म्हणून एकदाच सगळं इथे लिहून टाकते.

वयात बसणारी ही माझी शेवटची भरती होती. खाकी वर्दी घालायची हे शाळेपासून डोक्यात होतं. मधे लग्न झालं, मुलगी झाली, ते तसंच राहिलं. या वेळी नाही तर कधीच नाही, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

आम्ही कासार आंबोलीत राहतो. नवरा हिंजवडीला कंपनीच्या बसवर ड्रायव्हर, त्याची सकाळ कधी घरी नसतेच. मग माझ्या पळण्याची जबाबदारी घेतली सासऱ्यांनी... आमच्या नानांनी.

मुलींना आठशे मीटर पळायचं असतं. आमच्याकडे त्याची तयारी कशी होते ते कुणालाही विचारा... पुढे कुणीतरी गाडीवर आणि मागे पळणारा. नाना माझी स्कूटी काढायचे, बंगल्यांकडे जाणाऱ्या आतल्या रस्त्याने एका स्पीडला चालवायचे, आणि मी नंबर प्लेटवर डोळे लावून मागे पळायचे.

"म्होरं जायाचं न्हाई, मागं ऱ्हायाचं न्हाई. गाडीला धरून पळ," एवढंच त्यांचं कोचिंग. शेवटच्या वळणाला हॉर्न वाजवायचे. तो ऐकला की मी जीव तोडून सुटायचे.

लोक हसायचे. सून ट्रॅकपँटमध्ये आणि सासरा पुढे स्कूटीवर... वरात बघितल्यासारखे दारात उभे राहायचे. एकदा डेअरीवर कुणीतरी बोललंच, "नाना, सुनंला कुटं पळवत नेताय?" नाना म्हणाले, "पोलीस झाली की तुलाच पयला आत टाकील, तवा इचार." त्यानंतर निदान तोंडावर तरी कुणी बोललं नाही.

आणि खरं सांगते, टायमिंग मस्त येत होतं. मी मनातल्या मनात टेलरकडे वर्दीचं माप पण देऊन आले होते.

ग्राउंडवर नातेवाइकांना गेटच्या बाहेरच थांबवतात. नानांनी माझा स्वेटर हातात घेतला. "रोजच्यावानी पळ, दुसरं काय न्हाई," म्हणाले. मी हो म्हणून आत गेले.

छातीवर नंबर लावून लाइनीत उभी राहिले, तेव्हा पहिल्यांदा डोक्यात आलं... अरे देवा, आज पुढे गाडी नाही! हसू नका. इतके महिने ही एवढी साधी गोष्ट ना मला सुचली, ना नानांना.

शिट्टी वाजली आणि सगळ्या पोरी शंभर मीटर असल्यासारख्या सुटल्या. माझे डोळे सवयीने कुणाची तरी पाठ शोधत होते. सगळ्यात पुढच्या मुलीची सापडली, तिच्याच मागे लागले.

पहिला राउंड काय सांगू... उडत होते नुसती. कडेने कुणीतरी "भारी, भारी" ओरडलं. मला वाटलं, झाले मी पोलीस.

दुसरा राउंड सुरू झाला आणि दम संपला. मांड्यांचे दगड झाले, घसा कोरडा पडला. ती पुढची निघून गेली, मग मागच्या एकेक करून मला ओलांडून गेल्या. शेवटचं वळण आलं तरी कान वेड्यासारखे हॉर्नची वाट बघत होते. मी थांबले नाही एवढंच, बाकी त्याला पळणं म्हणायची लाज वाटते.

गोळा बरा गेला, शंभर मीटरही बरं गेलं, पण मार्क कळले तेव्हाच समजलं की लेखीपर्यंत काही आपण पोचत नाही.

बाहेर आले. नानांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि स्वेटर पुढे केला. येताना पिरंगुटच्या ट्रॅफिकमध्ये स्कूटी थांबली, तेव्हा मागे न बघताच बोलले, "माजं चुकलं गं. तुला येकटीला पळू द्याया पायजे हुतं." मी "नाही हो नाना" म्हणाले, पण आजूबाजूला डंपर... त्यांना ऐकू गेलं की नाही कुणास ठाऊक.

तेव्हापासून घरात हा विषय कुणी काढत नाही. सासूबाई गुपचूप माझ्या आवडीचं करून वाढतात. मुलगी मात्र शाळेत "माझी आई पोलीस होणार" सांगून बसली आहे. तिला कसं सांगायचं तेच कळत नाही.

पण सवय अशी जाते का... काल सकाळी जाग आलीच. बूट घातले. आवाज ऐकून नानांनी किल्ली घेतली. मी म्हटलं, "गाडी नको नाना. तुम्ही नुसते मोबाइलवर वेळ लावून पलीकडे उभे राहा."

एकटी निघाले. पाय सुटायला बघत होते, मी आवरत होते. सुरुवातीला इतकं हळू वाटलं की आपण चुकतोय असंच वाटत होतं. पण निम्मं अंतर झालं तरी दम शाबूत होता, आणि शेवटच्या टप्प्यात मी चक्क वाढवू शकले!

नानांपाशी पोचले. ते मोबाइलकडे बघतच राहिले. मला वाटलं, बटण दाबायला विसरले. मग हळूच म्हणाले, "टायमात बसलं असतं गं पोरी."

मी तिथेच एका बंगल्याच्या गेटसमोर खाली बसले आणि ढसाढसा रडले. नाना बाजूला उभे होते. त्यांचेही डोळे भरले होते.

भरतीची तयारी करणाऱ्या पोरींनो, गाडीच्या मागे खुशाल पळा... पण अधूनमधून एकट्याही पळा गं. आपल्या दमाचा अंदाज आपला आपल्यालाच घ्यावा लागतो. मला तो आला, पण वय निघून गेल्यावर आला, आणि आता त्याचं करायचं काय ते मला माहीत नाही.

नाना मोबाइलवर असलं काही वाचत नाहीत, म्हणून लिहायचं धाडस करते. सगळं गाव हसत असताना हा माणूस सुनेसाठी रोज सकाळी गाडी काढून उभा राहिला. वर्दी घालून पहिला सॅल्यूट त्यांना करायचा होता... तेवढा राहिला, आणि आता तो कायमचाच राहिला.