दार बाहेरून आणि आतून

गाडीचं दार लावल्यावर 'धप्' असा आवाज यावा, गादीवर उशी टाकल्यासारखा. 'खळ्ळ' किंवा 'टण्' आला, की ती गाडी वहिनींच्या शेडमध्ये येते. त्यांना गिऱ्हाइकंही वहिनीच म्हणतात. शेडच्या उरलेल्या अर्ध्या भागात त्यांचे धाकटे दीर गाड्या रंगवतात आणि दिवसभर "वहिनी, तो पंखा बंद करा, धूळ बसतेय रंगावर" असा धोशा लावतात. ऐकणाऱ्यांनी तेच नाव उचललं.

लग्नाआधी वहिनी मोटारींच्या कारखान्यात होत्या. तयार गाडी सरकत्या पट्ट्याच्या टोकाला आली, की बाहेर उभं राहायचं, डावा तळवा टपावर टेकायचा, उजव्या हातानं दार ढकलायचं आणि ऐकायचं. आवाज पसंत पडला नाही, तर गाडी बाजूला. तिथं साहेबांचीही मात्रा चालत नसे. कारखाना सुटला, पण ती सवय काही सुटली नाही. आजही त्या तशाच उभ्या राहतात, मान जरा तिरकी करून. गिऱ्हाईक लांबण लावू लागलं, की म्हणतात, "तुमचं नंतर. आधी दाराचं ऐकू दे."

दिरांना हा धंदाच वाटत नसे. रंगवलेल्या गाड्या वाळवायला त्यांना जागा कमी पडायची आणि डोळा वहिनींच्या कोपऱ्यावर असायचा. अशातच एका टॅक्सीचं मागचं डावं दार परत आलं. वहिनींनी रबर बदलून दिलं होतं. आता त्यांनी बिजागरी उचलून घट्ट केली, लॉक अडकतं ती कडी केसभर आत घेतली. दार लावलं. धप्.

"झालं," त्या म्हणाल्या.

काही दिवसांनी टॅक्सीवाला पुन्हा दारात हजर. "वहिनी, इथं तुमच्यासमोर गरीब गाय, आणि स्टँडवर गेलं की खळ्ळ! प्रवाशाला वाटतं लागलंच नाही. मग तो परत उघडतो आणि असं आपटतो, की माझ्या कवळीला हादरा बसतो."

दिरांनी रंगाचा फवारा खाली ठेवला. "वहिनी, एक सांगू? आता चौथ्यांदा ही टॅक्सी या शेडमध्ये आली, तर तुमचा कोपरा माझा. कबूल?"

"कबूल," वहिनी म्हणाल्या. "आणि नाही आली, तर पुन्हा या कोपऱ्याचं नाव काढायचं नाही, भावजी."

त्यांनी दार पुन्हा तपासलं. टपावर तळवा, मान तिरकी. धप्. खोट काढायला जागाच नव्हती, आणि तेच त्यांना खुपलं. दार नीट आहे आणि टॅक्सीवालाही खोटं बोलत नाही. मग राहिलं काय? टॅक्सी गेल्यावर दीर कोपऱ्यात टेप धरून मापं घेऊ लागले. वहिनींनी पर्समध्ये पेचकस टाकला आणि स्टँडवर गेल्या.

रांगेत टॅक्सी उभी होती. आधी त्यांनी नुसतं पाहिलं. एक बाई सामान घेऊन आली, मागच्या सीटवर बसली आणि आतल्या हँडलला धरून दार ओढून घेतलं. खळ्ळ. बाईनं दार उघडलं आणि पुन्हा दणकन ओढलं.

वहिनींनी कपाळाला हात लावला. एवढी वर्षं हजारो दारं लावली, पण सगळी बाहेरून, सगळी ढकलून. कारखान्यात आत बसायचा रिवाज नव्हता, म्हणून शेडमध्येही कधी बसल्या नव्हत्या. प्रवासी मात्र दार आतून ओढतो.

टॅक्सी फेरी मारून आली, तशा त्या मागं जाऊन बसल्या.

"कुठं सोडू वहिनी?" टॅक्सीवाल्यानं विचारलं.

"कुठं नाही. इंजिन बंद कर, आणि तोंडही."

त्यांनी हँडल ओढलं. ओढताना दाराचं आतलं अस्तर जरासं फुगलं आणि त्यामागं काहीतरी पत्र्यावर आपटलं. अस्तर उतरवलं, तर लॉककडे जाणारी सळई मोकळी लोंबत होती. तिला धरणारी प्लास्टिकची चिमटी तुटली होती. शेजारच्या दुकानातून नवी चिमटी आली, सळईला रबराची पट्टी गुंडाळली, अस्तर बसवलं. मग त्यांनी आतून दार ओढलं. धप्. बाहेर येऊन ढकललं. धप्.

"आता शेडकडे फिरकलास तर याद राख," त्या म्हणाल्या.

टॅक्सी आली नाही. दिरांना स्टँडवरची हकीकत कळली, तेव्हा ते उसळले. "ही तर लबाडी झाली! तुम्हीच गेलात तिच्याकडे!"

"पैज काय होती? गाडी शेडमध्ये आली तर. आली का?"

"नाही, पण..."

"मग झालं तर." वहिनींनी हात पुसले. "पण दोनदा परत आली ती माझ्या चुकीनं. त्याची भरपाई घ्या."

त्यांनी समोरच्या गाडीचं दार पुरतं उघडलं, त्याची कड जिथवर पोचली तिथं जमिनीवर खडूनं रेघ ओढली, आणि पायानं रेघेपलीकडची वीतभर जागा दाखवली.

"एवढी तुमची. रंगाचे डबे मावतील, गाडी नाही."

दिरांनी रेघ पाहिली, डबे उचलले. वहिनी गाडीत बसल्या आणि दार आतून ओढून घेतलं.