तिकीट आणि गवताची काडी

लेक शिकायला जर्मनीला निघाली तेव्हा तिने स्वतःसाठी नवं ई-रीडर घेतलं आणि जुनं माझ्या हातात ठेवलं. दोन्ही एकाच खात्यावर. पुस्तक एक, वाचणाऱ्या दोघी. मी नाक मुरडलं. कागदाचा वास नाही, दुमडायला कोपरा नाही, कसलं आलंय पुस्तक? पण चाळिशी केव्हाच लागली होती आणि त्या यंत्रात अक्षर हवं तेवढं मोठं होत होतं. मी आशागडला राहते, शिकवायला तलासरीच्या शाळेत जाते. एसटीत बसले की पर्समधून ते निघायचं. आठवडाभरात माझा तोरा उतरला. शाळेत सगळे त्याला 'बाईंची पाटी' म्हणू लागले. म्हणोत.

एका पुस्तकात दोन खुणा ही आमच्या घरची जुनीच रीत. लेक सातवीत असल्यापासून मी पुस्तक एसटीत वाचायचे आणि ती संध्याकाळी वाडीत, चिकूखाली बसून. माझी खूण एसटीचं तिकीट, तिची खूण गवताच्या गंजीतून उपसलेली काडी. नियम एकच. पुस्तकाबद्दल बोलायचं तर आधी 'कुठवर आलीस?' विचारायचं, आणि जी मागे असेल तिच्या खुणेपुढचं अवाक्षर काढायचं नाही. काडी नेहमी तिकिटाच्या पुढे असायची. जेवताना ती ओठ दाबून हसायची आणि माझ्या घशाखाली घास उतरत नसे.

जर्मनीतून तिचे फोन हळूहळू आठवड्यावर गेले. बरी आहे, थंडी आहे, जेवले. एवढंच. एक दिवस एसटीत कादंबरी उघडली तर एका वाक्याखाली रेघ दिसली. मी मारली नव्हती. तिने तिकडे मारलेली रेघ माझ्या पाटीवर उमटली होती.

त्यानंतर मी कादंबरी कसली वाचतेय, रेघाच वाचत होते. एकटीपुरता भात लावताना रोज अंदाज चुकणारी एक बाई होती, तिच्या वाक्याखाली रेघ. दिवसभर आपली भाषा न बोलता जीभ जड होते, त्याखाली रेघ. फोनवर 'बरी आहे' म्हणणारी माझी मुलगी खरी कशी आहे ते मला त्या रेघांवरून कळत होतं. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा रेघेची वाट बघायचेच.

गणपतीत तिचा फोन आला. कादंबरी संपली म्हणाली. आणि न राहवून मी बोलून गेले, "भात अजून जास्तच होतो का गं तुझा?"

ती म्हणाली, "आई, तू माझ्या रेघा वाचतेस?"

आवाजात राग होता की लाज, मला कळलं नाही. तिला कसलंसं काम आठवलं आणि फोन बंद झाला. मुलीची डायरी चोरून वाचताना पकडली गेल्यासारखं वाटलं मला. मी पडले हट्टी. त्याच संध्याकाळी पाटीवरचं विमानाचं चिन्ह दाबून नेट बंद केलं आणि ती कादंबरी अर्ध्यावर टाकली. तिच्या रेघा तिच्याजवळ राहोत.

होळीपर्यंत जुनीच पुस्तकं पुन्हा वाचली. फोन यायचे, पण पुस्तकाचा विषय ती काढत नव्हती आणि मीही नाही. ती अजून रागावलेली आहे अशी माझी खात्रीच झाली होती. हे म्हणायचे, मायलेकी सारख्याच, फुगल्या की फुगल्या. ती गेली त्या दिवशीसुद्धा मला तिची इतकी आठवण आली नव्हती.

होळीच्या सुट्टीत शाळेसाठी एक पुस्तक हवं होतं म्हणून नेट सुरू केलं. वाडीत, तिच्याच चिकूखाली बसले होते. रेंज यथातथाच. पुस्तक उतरेपर्यंत चाळा म्हणून ती कादंबरी उघडली आणि सोडलं होतं तिथून वाचू लागले. पुढच्या प्रकरणाच्या सुरुवातीलाच एक टीप दिसली. तिने लिहिलेली. 'आई, इथवर आलीस की सांग. मग बोलू.'

त्याच्या पुढच्या प्रकरणावरही तेच. त्याच्याही पुढच्यावर. मी कुठे अडले आहे ते तिला माहीत नव्हतं, म्हणून शेवटापर्यंत प्रत्येक प्रकरणाच्या तोंडाशी तिने तेच लिहून ठेवलं होतं. मी धरून चालले होते तसा तिला राग नव्हताच. मी मागे राहिले होते आणि ती आमचा नियम पाळत होती.

मी तिथूनच फोन लावला. तिने नेहमीसारखं बरी आहे म्हटलं.

"आले गं मी तिथवर," मी म्हटलं.

ती म्हणाली, "आई, भात रोज उरतो."