अक्काच्या बरणीतलं मीठ

अक्काच्या बरणीत मीठ मी घालत होतो. हे वाक्य ती जिवंत असताना तिच्यासमोर बोलायला हवं होतं. ती जाऊन आता सहा आठवडे झाले.

अक्का माझी थोरली बहीण. दाजी वारल्यावर तिला सोबत म्हणून मी सोलापुरात तिच्याकडे राहायला आलो. गेल्या वर्षी तिचा रक्तदाब वाढला आणि डॉक्टरांनी मीठ तोडायला सांगितलं. शेंगाचटणीशिवाय भाकरी न मोडणारी ती बाई! मी मोठ्या तोंडानं म्हणालो, 'तू अळणी खाणार, तर मीपण अळणीच.' मग तिच्या मुलीनं, गिरिजानं, जपानहून आतून रेघारेघांचं मातीचं भांडं आणि लाकडी दांडा पाठवला, फोनवर गोमासिओ, म्हणजे तिकडची तीळ-मिठाची पूड, करायला शिकवली. पंधरा चमचे भाजलेले तीळ, एक चमचा भाजलेलं मीठ, आणि तेल सुटू न देता हलक्या हातानं रगडून बरणीत भरायचं. चिमूटभर भुरभुरलं की अळणी भाजीलाही चव यायची... असं ती म्हणायची. मला आठ दिवसांत कंटाळा आला. ताटात मीठ घेतलं असतं, तर शब्द मोडल्याचं दिसलं असतं. म्हणून ती पूजेला बसली की मी बरणीतच चमचाभर मिसळायचो. तेच तिच्याही पोटात जातंय, हे मला कळत होतं.

एका दुपारी जेवताना ती थांबली. 'खारट लागतंय की रे. तुजे दाजी येऊन गेले बग.' दाजी आमटी चाखण्याआधीच वरून मीठ घ्यायचे.

'काय तर बोलतीस, अक्का.'

'हस की, हस. जित्तेपणी बायकूचं ऐकलं न्हाई, आता ऐकत्याल व्हय?'

किती दिवसांनी ती अशी खुलली होती. मी गप्प बसलो. त्यानंतर ती बरणीशेजारी दाजींचा तांब्या भरून ठेवू लागली, आणि ते खारट तीळ चिमटीऐवजी चमच्यानं घेऊ लागली. 'त्यांनी घातलंय, टाकू कसं?' कधी कधी तांब्यातलं पाणी कमी झालेलं दिसायचं. ते मी प्यालेलो नसायचो.

एका सोमवारी तीळ रगडता रगडताच तिचा हात लुळा पडला. चौथ्या दिवशी ती गेली. मिठामुळं, असं कुणी म्हणालं नाही. मी विचारलंही नाही.

दिवस उरकून गिरिजा परत गेली. मी घरातलं सगळं मीठ काढून टाकलं, भांडं घासलं आणि नुसते तीळ रगडून बरणीत भरले. दुसऱ्या दुपारी भाकरीवर घेतले... खारट. रेघांत अडकलं असेल, म्हणून भांडं दोन दिवस पाण्यात ठेवलं, नवे तीळ रगडले. पहिल्यापेक्षा खारट.

गेल्या रविवारी गिरिजानं फोनवर दबकत विचारलं, 'मामा, बाबा अजून येतात का हो? आई सांगायची मला.' तिच्या आवाजातली ती आशा मला सोसवली नाही. मी सगळं सांगून टाकलं. आता नुसते तीळही खारट लागतात, हेसुद्धा.

'मग आता कोण घालतंय, मामा?'

फोन हातात तसाच चालू होता. मी रिकाम्या स्वयंपाकघराकडे वळलो. 'अक्का,' मी म्हणालो, 'दाजी नव्हते गं. मीच होतो. तुला फसवलं, तुझ्या जिवावर चव भागवली... चुकलो. मला माफ कर.'