पाच ठोक्यांची हळद

माझ्या भाचीच्या हळदीत अख्खा मांडव एकदम लंगडायला लागला, त्याला जबाबदार मी.

मी नवा कीबोर्ड घेतला होता. त्यात बटण दाबून ढोल वाजवला की तोच ताल आपोआप पुन्हा पुन्हा वाजत राहतो. मग त्यावर ताशा, त्यावर टाळ्या, असे दहीहंडीसारखे थर चढवायचे. "ताई, बेंजोवाले कशाला? मी एकटा दहा जणांचं वाजवतो!" ताईने विश्वास ठेवला. (सख्खी बहीण, करणार काय?) भावोजींनी बेंजोवाल्यांना नको म्हणून कळवलंसुद्धा. आता दिवेआगरच्या त्या मांडवात नाच होणार की नाही, ते माझ्या बोटांवर!

दुपारी घाणा भरायला घेतला. पाच सवाशिणींनी उखळात हळकुंडं घालून मुसळाचे शकुनाचे पाच ठोके दिले. तो 'धम्म' ऐकून माझ्यातला कलावंत उठून बसला. खालचा थर हाच! पाचही ठोके पुन्हा द्यायला लावले आणि माईक उखळाशी धरून कीबोर्डात भरून घेतले. ताईचे डोळे पाणावले.

हळद लागली, नाच सुरू झाला. मुसळावर मी चार ठोक्यांचा ढोल चढवला. एक, दोन, तीन, चार... आणि पाचव्याला नुसतंच मुसळ! पहिला थर जेवढा लांब, तेवढेच वरचे थर, असं माहितीपुस्तकात लिहिलेलं होतं. (माहितीपुस्तक आगरदांड्याला, घरी.) नाच चाराचा, घाणा पाचाचा! पहिल्याच गिरकीला भावोजी शेजारच्या काकूंच्या पायावर आणि काकू भज्यांच्या परातीत!

"मामा, एक ठोका जास्त हाय!" भाची ओरडली.

"थांब गं, ताशा चढला की झाकला जाईल!"

ताशा चढवला. टाळ्या चढवल्या. शिट्टीसुद्धा चढवली. मुसळ झाकेना! उलट चार ठोके कान फाटतील असा गोंगाट, आणि मग शांततेत एकटंच 'धम्म', माडावरून नारळ पडल्यासारखं. पोरं दचकून वर बघायला लागली.

"अरे, ते मुसळ पुसून टाक!" भावोजी.

"पुसतो, आणि चाराचं नवीन..."

"खबरदार!" ताई कडाडली. "शकुनाचा घाणा पुसतोस? माझ्या पोरीच्या हळदीत?"

"अगं, पण नाचायचं कसं?"

"ते तू बघ. बेंजोवाल्यांना नको कुणामुळं म्हटलं?"

मी कीबोर्डवरची बटणं चाचपायला लागलो. शेवटी हळदीने माखलेली भाचीच पुढे झाली. चार पावलं झोकात नाचली आणि पाचव्याला गपकन थांबून तिने माझ्याकडे बोट रोखलं. "मामा!" पुढच्या फेरीला दहा जण थांबले. त्याच्या पुढच्या फेरीला अख्खा मांडव! चार पावलं, धम्म, "मामा!" काकू परातीतून उठून नाचायला आल्या. नाच असा रंगला, की बेंजोवाल्यांची कुणी आठवणसुद्धा काढली नाही.

फक्त व्हिडिओवाला फार इमानदार निघाला. दर पाचव्या ठोक्याला त्याने कॅमेरा माझ्याकडे फिरवला. हळदीच्या त्या व्हिडिओत नवरीपेक्षा मीच जास्त वेळा दिसतो, आणि दर वेळी बंद करायचं बटण शोधताना!