बरोबरीत सुटलेली फायनल

आमचे हे चंदीगडच्या एका शाळेत फुटबॉलचे मास्तर होते. यशस्वी मास्तर. म्हणजे जिंकलेल्या ढाली कपाटात आणि माझ्या साड्या ट्रंकेत. कोल्हापूरच्या पेठेतला माणूस, त्यात फौजेतून हवालदार होऊन आलेला. फुटबॉल आणि हुकूम, यापलीकडे काही येत नव्हतं. मी चौथी शिकलेली, पण ऑफसाइड मला कळतो. लग्नानंतर यांनी शिकवलेलं तेवढंच.

यांचा खेळ ठरलेला. आधी गोल खायचा नाही, समोरच्याला दमवायचं आणि जादा वेळेत मारायचं. पेपरवाले त्याला डावपेच म्हणत. मला झोप येई.

दहशतवादाची ती वर्षं. पंजाबात रोज माणसं मरत होती, संध्याकाळी सहाला कर्फ्यू लागे. तरी दोनदा पुढे ढकललेली फायनल शाळांनी उरकायचीच ठरवली. ढाल वाटली नाही तर देशाचं काय होणार!

आमचा कॅप्टन होता गोलकीपर, खरड गावाच्या पुढच्या खेड्यातला शीख पोरगा. घर सायकलने सव्वा तासावर. आदल्या आठवड्यात त्याची आई घरी येऊन मला म्हणाली, “भैणजी, मेरा मुंडा छह बजे के बाद सड़क पे ना रहे. दाढ़ी आ गई है उसकी. पुलिस भी उठाती है, वो दूसरे भी.”

पोराला सहाच्या आत घरी पोचवा, असं मी यांना सांगितलं. “बघू,” म्हणाले. यांचं ‘बघू’ म्हणजे नाही.

साडेचारला खेळ संपला तेव्हा शून्य-शून्य. हे खुशीत हात चोळायला लागले. रेफ्री म्हणाला, अर्धा तास जादा. म्हणजे पाच. त्यावर सव्वा तास. मी उठले, मैदानात गेले आणि मधोमध ठेवलेला बॉल उचलून काखेत घेतला.

“अगं, डोकं फिरलंय का तुझं? फायनल आहे!”

“असू दे. पोराला सहाच्या आत घर गाठायचंय. का पोलिसांच्या नाक्यावर ढाल दाखवून सुटणार आहे तो?”

“अर्ध्या तासात जिंकतोय आपण!”

“मग घ्या बॉल काढून. बघू तुमचा खेळ.”

सगळं मैदान हसलं. काकूंना कार्ड दाखवायचा नियम रेफ्रीच्या पुस्तकात नसावा. त्याने दोन्ही मास्तरांना विचारून नाणं उडवलं. आमच्या कॅप्टनने छापा मागितला, काटा पडला. ढाल गेली. पोरगा तसाच चिखलाच्या पायांनी सायकलवर बसला.

त्या रात्री तिकडे खरडच्या बाजूला कुठेतरी गोळीबार झाला आणि दिवसाचाही कर्फ्यू लागला. पोरगा पोचला की नाही, कळायला मार्ग नाही. गावात फोन नव्हता. हे माझ्याशी बोलेनात. मला वाटलं, ढालीचा राग. पण ताटही भरलेलं परत येऊ लागलं, आणि हा माणूस ढालीसाठी जेवण सोडणारा नव्हे. दर बातम्यांना रेडिओला कान लावून बसायचे. दोन दिवस मीही टोमणा मारला नाही. एवढं माझ्याच्याने कधी झालं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी कर्फ्यूत ढील मिळाली आणि फाटकाशी सायकलची घंटी वाजली. हे अनवाणी धावले. मला वाटलं, आता मिठी मारतील.

“हेड क्यों माँगा?” यांनी विचारलं.

“सर जी, आपने ही तो सिखाया था. हमेशा हेड माँगो.”

“बकवास मत कर,” म्हणाले. मग त्याची सायकल स्वतः आत घेतली आणि मला ओरडले, “अगं, जेवायला वाढ. दोघांना.”

सकाळचे आठ वाजले होते. चूलही पेटली नव्हती.